चँडलर-गिल्बर्ट परिसरात चार्टर शाळांची तुलना कशी करावी : पत्त्यापासून पटसंख्येपर्यंत

फीनिक्स शहराच्या आग्नेयेला असलेल्या चँडलर आणि गिल्बर्ट या उपनगरांत नोकरीनिमित्त स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या बरीच आहे. येथे आल्यावर घर, गाडी आणि विमा यांच्या पाठोपाठ मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा ओळखीच्या एखाद्या कुटुंबाच्या शिफारशीवर ठरते. ही शिफारस प्रामाणिक असली तरी ती एका मुलाच्या अनुभवावर बेतलेली असते, आणि ज्यांचे मूल त्या शाळेत रमले नाही ते पालक सहसा शिफारस करायला पुढे येत नाहीत. म्हणून चार्टर शाळांची तुलना करताना त्यांचे गुण पाहावेतच, पण त्या शाळेतून कोण बाहेर पडते, किती बाहेर पडतात आणि कुठे जातात, हे त्याहून काळजीपूर्वक पाहावे. या लेखातील बहुतेक पायऱ्या त्याच दिशेने जातात.

व्यवस्था आधी समजून घ्यावी

चार्टर शाळा ही सार्वजनिक शाळाच असते. तिला सरकारी पैसा मिळतो, तिथे शिक्षणशुल्क घेता येत नाही आणि राज्याच्या परीक्षा तिथल्या मुलांनाही द्याव्या लागतात. मात्र तिचा कारभार स्थानिक शाळा-जिल्ह्याकडे, म्हणजे ठरावीक भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे, नसून करारान्वये मान्यता मिळालेल्या स्वतंत्र संस्थेकडे असतो. महाराष्ट्रातील खासगी अनुदानित शाळेशी तिचे साम्य आहे, पण ते इथपर्यंतच. अमेरिकेत असा पहिला कायदा 1991 मध्ये मिनेसोटा राज्याने केला, आणि ॲरिझोनाने 1994 मध्ये अत्यंत सैल अटींचा कायदा करून या शाळांना मोकळे रान दिले. आज ॲरिझोनातील सार्वजनिक शाळांत शिकणाऱ्या मुलांपैकी सुमारे एक पंचमांश मुले चार्टर शाळांत आहेत, आणि हे प्रमाण देशातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे.

सैल अटींचे परिणाम पालकांना थेट जाणवतात. नव्या शाळेला 15 वर्षांची मान्यता मिळते आणि नूतनीकरण 20 वर्षांसाठी होऊ शकते. विशेष शिक्षण देणारे शिक्षक वगळता इतर शिक्षकांना राज्याचे अध्यापन प्रमाणपत्र असण्याची सक्ती नाही, मात्र बोटांच्या ठशांवरून होणारी पार्श्वभूमी तपासणी अनिवार्य आहे. नियामक मंडळ मतदारांनी निवडलेले नसते. शाळा-जिल्ह्याच्या मंडळावर नाराज असलेला नागरिक, मतदानाचा हक्क असल्यास, पुढच्या निवडणुकीत आपले मत नोंदवू शकतो. चार्टर शाळेच्या मंडळावर नाराज असलेल्या पालकाच्या हाती मूल काढून नेणे हाच शेवटचा उपाय उरतो.

पहिली पायरी : स्वतःच्या पत्त्यावर कोणती शाळा आहे ते शोधा

चार्टर शाळांच्या यादीकडे वळण्यापूर्वी आपले घर कोणत्या शाळा-जिल्ह्यात येते, हे निश्चित करावे. पत्त्यात चँडलर लिहिलेले असले म्हणजे घर चँडलर युनिफाइड जिल्ह्यातच असेल असे नाही. शहराचा पश्चिम भाग कायरीन जिल्ह्यात येतो, जिथे आठवीपर्यंतच्याच शाळा आहेत आणि पुढे टेम्पी युनियन जिल्ह्याची हायस्कूल लागू होते. काही वस्त्या मेसा किंवा गिल्बर्ट जिल्ह्यांत मोडतात, आणि गिल्बर्टच्या दक्षिणेकडे हिग्ली जिल्हा सुरू होतो. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पत्ता टाकल्यास नेमून दिलेली शाळा समजते.

ही शाळा तुलनेचा पाया असते, कारण राहत्या पत्त्याच्या जिल्ह्याला तुमच्या मुलाला वर्षभरात केव्हाही प्रवेश द्यावाच लागतो. शिवाय ॲरिझोनात खुल्या प्रवेशाची पद्धत असल्याने, जागा शिल्लक असल्यास, दुसऱ्या विभागातील किंवा दुसऱ्या जिल्ह्यातील शाळेतही अर्ज करता येतो. चँडलर युनिफाइडमधील ॲरिझोना कॉलेज प्रेप हे नाव ऐकून अनेकांना ती चार्टर शाळा वाटते; प्रत्यक्षात ती जिल्ह्याचीच शाळा आहे. अभ्यासाची कठोर शिस्त हवी असणाऱ्या पालकांनी केवळ चार्टर शाळांची आपापसांत तुलना करून थांबणे म्हणजे अर्धी यादी वाचणे होय. प्रत्येक चार्टर शाळेसमोर नेमून दिलेली जिल्हा शाळा आणि जिल्ह्यातील ॲरिझोना कॉलेज प्रेपसारखी एखादी शाळा अशा दोन्ही ठेवाव्यात.

दुसरी पायरी : शाळेचा स्वभाव ओळखा

या परिसरातील मोठ्या चार्टर शाळा एकमेकींसारख्या नाहीत. 1998 मध्ये टुसॉनमध्ये सुरू झालेल्या बेसिस शाळांचा भर विषयांच्या वेगवान अभ्यासावर असतो. गणितात मुले वयाच्या मानाने पुढच्या वर्गात असतात आणि हायस्कूलमध्ये महाविद्यालयीन पातळीचे, एपी म्हणून ओळखले जाणारे अभ्यासक्रम अनेक घ्यावे लागतात. 2003 मध्ये पहिली शाळा सुरू करणाऱ्या ग्रेट हार्ट्सच्या शाळा अभिजात शिक्षणाच्या परंपरेतल्या आहेत; तिथे मूळ ग्रंथांचे वाचन, वर्गात चर्चा, लॅटिन भाषा, गणवेश, तसेच संगणकासारख्या पडद्यांचा कमीत कमी वापर असा साचा आढळतो. लेगसी ट्रॅडिशनल शाळा आठवीपर्यंत असून पारंपरिक पाठांतर, शिस्त, गणवेश आणि नियमित गृहपाठ यांवर भर देतात, त्यामुळे महाराष्ट्रातून आलेल्या आजी-आजोबांना त्या सर्वांत ओळखीच्या वाटण्याची शक्यता आहे. याखेरीज एकेका परिसरापुरत्या छोट्या चार्टर शाळाही आहेत.

येथे पालकांनी स्वतःला एक प्रश्न स्पष्टपणे विचारावा : आपल्याला शाळा हवी आहे ती आपल्या मुलासाठी, की आपण ज्या शाळेत शिकलो तिची आठवण म्हणून? सतत हालचाल हवी असणारे, प्रयोगातून शिकणारे किंवा संगीतात रमणारे मूल आणि दररोज दोन तासांचा गृहपाठ यांची सांगड बसेल का, याचे उत्तर कोणत्याही क्रमवारीत मिळत नाही.

तिसरी पायरी : अंतर मोजून यादी लहान करा

चार्टर शाळांवर बससेवा देण्याचे बंधन नाही आणि बहुतेक शाळा ती देत नाहीत. म्हणजे सकाळी सोडणे आणि दुपारी आणणे ही पालकांची रोजची जबाबदारी ठरते. या भागात शाळा जुलैच्या उत्तरार्धातच सुरू होतात, तेव्हा दुपारचे तापमान 40 अंश सेल्सियसच्या वर असते आणि मोटारींची रांग लांब असते. पालकांपैकी एकाला गाडी चालवण्याचा परवाना मिळालेला नसेल, किंवा दोन मुलांच्या शाळा वेगळ्या वेळी सुटत असतील, तर कागदावर उत्तम असलेली शाळाही काही महिन्यांत जड होते. म्हणून शाळा सुटण्याच्या वेळेस प्रत्यक्ष गाडीने जाऊन पाहावे आणि ज्या शाळा रोजच्या वेळापत्रकात बसत नाहीत, त्या आकडेवारी पाहण्याआधीच वगळाव्यात.

चौथी पायरी : श्रेणी आणि क्रमवारी यांचा अर्थ लावा

राज्य शिक्षण खाते शाळांना ए ते एफ अशा श्रेणी देते. आठवीपर्यंतच्या शाळांसाठीच्या सूत्रात निम्मे वजन मुलांच्या वर्षभरातील प्रगतीला आणि 30 टक्के वजन प्रावीण्याला दिलेले आहे. उरलेला भाग इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची वाटचाल आणि पुढील शिक्षणाची तयारी यांसाठी असतो. या परिसरातील कितीतरी शाळांना ए श्रेणी आहे, त्यामुळे केवळ अक्षर पाहून निवड होत नाही. खात्याच्या शाळा-प्रगतिपत्रकांच्या संकेतस्थळावर जाऊन त्या अक्षरामागचे घटक वेगवेगळे वाचावे लागतात.

प्रावीण्य म्हणजे इयत्ता तिसरी ते आठवीच्या राज्य परीक्षेत अपेक्षित पातळी गाठलेल्या मुलांचे प्रमाण. हा आकडा बऱ्याच अंशी शाळेत येणारी मुले कोणत्या घरांतून येतात हे सांगतो. ज्या शाळेतील निम्म्याहून अधिक पालक अभियंते आहेत, तिथे प्रावीण्य 85 टक्के असणे ही शाळेची कमाई आहे की घराची, हे त्या आकड्यावरून कळत नाही. प्रगतीचा आकडा याहून उपयोगी आहे, कारण तो साधारण सारख्या पूर्वगुणांच्या मुलांशी तुलना करून एका वर्षात मूल किती पुढे सरकले हे पाहतो. प्रावीण्य उंच पण प्रगती मध्यम असलेली शाळा आणि प्रावीण्य थोडे कमी पण प्रगती उंच असलेली शाळा यांत निवड करायची झाल्यास मी दुसरीकडे अधिक लक्ष देईन. यासोबत सवलतीचे जेवण मिळणारी, विशेष शिक्षण घेणारी आणि इंग्रजी शिकणारी मुले शाळेत किती आहेत, हे प्रमाण शेजारच्या जिल्हा शाळेशी ताडून पाहावे. गट फार लहान असल्यास खाते तो आकडा झाकते. झाकलेली चौकट म्हणजे तशी मुले तिथे जवळपास नाहीत असाच बहुधा अर्थ होतो.

राष्ट्रीय क्रमवारीची गोष्ट निराळी आहे. यू. एस. न्यूज या प्रकाशनाच्या 2018 च्या हायस्कूल यादीत पहिल्या पाचही जागा ॲरिझोनातील बेसिस शाळांनी पटकावल्या होत्या, आणि त्या बातमीचा प्रभाव आपल्या लोकांच्या गप्पांत अजून ओसरलेला नाही. मात्र या क्रमवारीत बारावीतील किती मुलांनी एपी परीक्षा दिली आणि त्यात ती उत्तीर्ण झाली, याला मोठे वजन असते. ज्या शाळेत असे अभ्यासक्रम सक्तीचे आहेत ती शाळा यादीत वर जाणे स्वाभाविक आहे. आणि मुख्य म्हणजे हा हिशेब बारावीपर्यंत टिकलेल्या मुलांचा असतो. नववीत किंवा त्याआधी शाळा सोडून गेलेली मुले त्यात कुठेच दिसत नाहीत.

पाचवी पायरी : पटसंख्या तिरकी वाचा

माझ्या मते संपूर्ण तुलनेतील सर्वांत बोलका आकडा हाच आहे आणि तो मिळवण्यासाठी कोणाचीही ओळख लागत नाही. राज्य शिक्षण खाते दरवर्षी 1 ऑक्टोबरची शाळानिहाय आणि इयत्तानिहाय पटसंख्या प्रसिद्ध करते. गेल्या सहा-सात वर्षांच्या फायली उतरवून घ्याव्यात आणि एका शाळेचा पट वर्षांनुसार एकाखाली एक मांडावा. मग एकाच वर्षाची ओळ आडवी वाचण्याऐवजी एकाच तुकडीचा माग काढावा : एका वर्षीची सहावी, पुढच्या वर्षीची सातवी, त्यापुढची आठवी, असे बारावीपर्यंत.

समजा, एखाद्या शाळेत सहावीत 120 मुले होती, आठवीत ती 95 झाली, नववीत 60 आणि बारावीत 45 राहिली. या उताराला दोन-तीन निरनिराळी कारणे असू शकतात. काही कुटुंबे गाव बदलतात. काही मुले मोठे हायस्कूल, वाद्यवृंद, फुटबॉल किंवा मित्रपरिवार यांच्या ओढीने नववीत जिल्हा शाळेत जातात. त्यात शाळेचा दोष नाही. काही मुलांना मात्र अभ्यासाचा वेग झेपत नाही, नापास होण्याच्या भीतीने ती आधीच बाहेर पडतात, आणि अनेक शाळा वरच्या वर्गांत रिकामी झालेली जागा नव्या मुलाने भरत नाहीत, त्यामुळे पट आकसत जातो. म्हणून उतार कुठे येतो हे पाहावे. आठवी-नववीच्या सांध्यावर एकदाच मोठी घट असेल तर ती बहुधा हायस्कूल बदलण्याची असते. सहावी, सातवी, आठवी अशी प्रत्येक वर्षी घट होत असेल तर शाळेला त्याबद्दल थेट विचारावे. गेल्या वर्षी सातवीतून किती मुले गेली आणि ती कोणत्या शाळांत गेली, या प्रश्नाला मुख्याध्यापकांनी आकडा सांगून उत्तर दिले तर ती चांगली खूण समजावी. आमच्याकडे सगळ्यांना जमतेच असे नाही, एवढेच उत्तर मिळाले तर तीही माहितीच आहे.

हाच माग शेजारच्या जिल्हा शाळेचाही काढावा, नाहीतर तुलना होणार नाही. तिथे वरच्या वर्गांत पट वाढताना दिसला, तर चार्टर शाळांतील काही मुले तिथेच आली असण्याची शक्यता आहे.

सहावी पायरी : पैसा आणि स्थैर्य

शिक्षणशुल्क नसले तरी खर्च असतो. गणवेश, खेळाचे शुल्क, जेवण, शाळेनंतरचा सांभाळ आणि सहली यांचा वर्षाचा आकडा शाळेकडून लेखी घ्यावा. राज्याचा निधी बालवाडीच्या अर्ध्या दिवसापुरता असल्याने काही शाळा पूर्ण दिवसाच्या बालवाडीसाठी वेगळे पैसे घेतात. काही शाळा दर मुलामागे वार्षिक देणगीची विनंती करतात. देणगी ऐच्छिक आहे आणि तिच्यावर प्रवेश अवलंबून असू शकत नाही, हे लक्षात ठेवावे. वारंवार येणाऱ्या स्मरणपत्रांनी संकोचून जाण्याचे कारण नाही. सार्वजनिक शाळांच्या अभ्यासेतर उपक्रमांना दिलेल्या रकमेवर राज्य आयकरात थेट वजावट मिळते. तिची मर्यादा एकट्या करदात्यासाठी 200 डॉलर आणि संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्यासाठी 400 डॉलर आहे, आणि ती चार्टर शाळांनाही लागू होते.

शाळेची आर्थिक प्रकृती हा विषय पालक सहसा टाळतात. गुडइयर या फीनिक्सच्या पश्चिमेकडील उपनगरातील डिस्कव्हरी क्रीमोस अकादमी जानेवारी 2018 मध्ये, वर्ष अर्ध्यावर असताना, बंद झाली आणि मुलांना तातडीने दुसऱ्या शाळा शोधाव्या लागल्या. पुढे तिथे खोटी पटसंख्या दाखवून निधी घेतल्याचे उघड झाले. असे प्रसंग विरळा असले तरी तपासणी सोपी आहे. राज्याच्या चार्टर शाळा मंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचे शैक्षणिक, आर्थिक आणि कामकाजविषयक मूल्यमापन तसेच लेखापरीक्षण अहवाल मिळतात. आर्थिक निकष सलग दोन-तीन वर्षे अपुरे असतील, किंवा इमारतीचे भाडे आणि व्यवस्थापनाचे शुल्क शाळेच्या चालकांशीच संबंधित कंपनीकडे जात असेल, तर कारण विचारावे. तसे असणे बेकायदा नाही, पण वर्गापर्यंत किती पैसा पोहोचतो हे समजून घेण्याचा पालकाला हक्क आहे. शाळेच्या नियामक मंडळाच्या सभा खुल्या असतात आणि विषयपत्रिका किमान 24 तास आधी जाहीर करावी लागते. एका सभेला जरूर बसून यावे.

सातवी पायरी : विशेष गरजा आणि प्रज्ञावंत मुले

वाचनात अडचण, स्वमग्नता, उच्चारदोष किंवा एकाग्रतेचा प्रश्न असलेल्या मुलाला सेवा देणे हे केंद्रीय कायद्याने चार्टर शाळांवरही बंधनकारक आहे. आमच्याकडे ती सोय नाही, असे कोणतीही सार्वजनिक शाळा म्हणू शकत नाही. सेवेचा दर्जा मात्र शाळेगणिक बदलतो, कारण मोठ्या जिल्ह्याकडे स्वतःचे तज्ज्ञ असतात आणि छोटी शाळा बाहेरचे तज्ज्ञ आठवड्यातून ठरावीक तासांसाठी बोलावते. विशेष शिक्षक शाळेत पूर्णवेळ आहे का आणि वाचा-उपचारतज्ज्ञ किती तास येतो, हे विचारावे. आपल्याकडे अशा गोष्टी झाकून ठेवण्याची सवय आहे. येथे झाकल्याने मुलाची सेवा बुडते, बाकी काही साधत नाही.

याउलट प्रज्ञावंत मुलांसाठीचा नियम अनेकांना अनपेक्षित वाटेल. मान्य चाचणीत 97 शततमक (म्हणजे शंभरातील सुमारे 97 मुलांहून सरस) किंवा त्याहून वर गुण मिळवणाऱ्या मुलांसाठी कार्यक्रम चालवण्याचे बंधन ॲरिझोनात शाळा-जिल्ह्यांवर आहे, चार्टर शाळांवर नाही.

आठवी पायरी : भेट

जाहीर मार्गदर्शन कार्यक्रमात शाळा आपली उत्तम बाजू दाखवते, म्हणून शक्य असल्यास चालू वर्ग पाहण्याची परवानगी मागावी. मागच्या बाकावरील मुले काय करत आहेत आणि चुकीचे उत्तर आल्यावर शिक्षक काय करतात, याकडे लक्ष द्यावे. गेल्या वर्षीच्या शिक्षकांपैकी किती जण यंदा परत आले, हा प्रश्न प्रत्येक शाळेत त्याच शब्दांत विचारावा म्हणजे उत्तरे शेजारी ठेवता येतील. नवख्या शिक्षकांचे प्रमाण प्रगतिपत्रकावरही दिलेले असते. त्याच वर्गातील दोन पालकांशी बोलावे, आणि जमल्यास शाळा सोडलेल्या एका पालकाशीही.

नववी पायरी : अर्ज आणि सोडत

बहुतेक मोठ्या शाळा पुढील वर्षाचे अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत घेऊ लागतात. जागांपेक्षा अर्ज अधिक आल्यास सोडतीसारख्या समन्यायी पद्धतीने प्रवेश द्यावे लागतात. भावंडांना आणि शाळेतील कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य देता येते. उत्पन्न, वंश, राष्ट्रीयत्व, अपंगत्व किंवा इंग्रजीचे ज्ञान यांवरून प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशानंतर गणिताची पातळी ठरवण्यासाठी चाचणी घेणे योग्य आहे, पण प्रवेश देण्यासाठी नाही. अर्ज वेळेत भरून तीन-चार शाळांच्या सोडतीत नाव टाकावे. प्रतीक्षा यादी जुलैअखेर, शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात, बरीच पुढे सरकते, कारण दोन ठिकाणी नाव ठेवलेली मुले त्या सुमारास एक जागा सोडतात.

कागदपत्रांत राज्यातील रहिवासाचा पुरावा, लसीकरणाची नोंद आणि वयाचा पुरावा लागतो. बालवाडीसाठी मुलाला 1 सप्टेंबरपूर्वी 5 वर्षे पूर्ण झालेली असावीत. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर मुलाचे नाव नसेल, तर पारपत्राची प्रत सोबत जोडावी. 1982 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार व्हिसाच्या प्रकारावरून किंवा स्थलांतरविषयक स्थितीवरून सार्वजनिक शाळेतील प्रवेश अडवता येत नाही, आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक देण्याची सक्ती करता येत नाही. एच-4 (एच-1बीवरील नोकरदारांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या) व्हिसावरील मुलांच्या पालकांनी हे निःशंकपणे लक्षात ठेवावे.

दहावी पायरी : परतीचा रस्ता आधीच पाहून ठेवा

जागा स्वीकारण्यापूर्वी, हे जमले नाही तर काय, याचा विचार करावा. नेमून दिलेल्या जिल्हा शाळेत मूल केव्हाही परत येऊ शकते, पण खुल्या प्रवेशाने मिळवलेली दुसऱ्या विभागातील जागा एकदा सोडल्यास परत मिळेलच असे नाही. प्राथमिक वर्गांत बदल तुलनेने सोपा असतो. सहावीनंतर गणिताची पातळी हा अडथळा ठरतो, कारण चार्टर शाळेत सातवीत बीजगणित पूर्ण केलेल्या मुलाला जिल्हा शाळेने वयाप्रमाणे पुन्हा त्याच वर्गात बसवू नये, यासाठी पाठ्यक्रमाची रूपरेषा, सत्राचे गुण आणि चाचण्यांचे निकाल जपून ठेवावे लागतात. हायस्कूलमध्ये श्रेयांक मोजले जातात. सत्राच्या मध्यावर शाळा बदलल्यास अर्धवट राहिलेल्या विषयाचे श्रेयांक बुडू शकतात, म्हणून बदल डिसेंबरच्या सत्रअखेरीस किंवा मे महिन्यात करावा. आपल्या दोन-तीन अंतिम शाळांतील अभ्यासक्रम जिल्ह्याच्या हायस्कूलमध्ये कसे मोजले जातील, हे तिथल्या समुपदेशकाला प्रवेशाआधीच ई-मेलने विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.